पुसलेली पट्टी

"पट्टी उन्हानं तापली, नोंद पुसली गेली. आता आम्ही काय करणार?" साहेबांनी हात झटकले.

म्हातारी खुर्चीत बसली नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या लेकीची तीन बोटं या कारखान्यातल्या कापयंत्रात गेली होती. वर कंपनीचं म्हणणं, सुरक्षेची जाळी पोरीनंच उचलून ठेवली. खरं काय ते यंत्राच्या नोंदीत होतं. कंपनीनं खर्च वाचवायला या नोंदी स्वस्तातल्या प्लास्टिकच्या पट्टीवर ठेवायला घेतल्या होत्या. डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे म्हणजे नोंद. प्लास्टिक तापून खड्डे बुजले की नोंद गेली.

म्हातारीहून जावई जास्त भडकला होता. कोर्टात खेचतो, फाटकावर बसतो, असं तो मघापासून साहेबांना सुनावत होता. गेल्याच सोमवारी इथंच मुकादम झालेला माणूस बायकोसाठी नोकरीवर पाणी सोडायला निघालाय, याचं तिला कौतुक वाटलं.

"पट्टी दाखवा," ती म्हणाली.

साहेब हसले. आजी, ती वाचायला यंत्र लागतं, म्हणाले. जावईही म्हणाला, राहू द्या आई, त्यातलं तुम्हाला काय कळणार. तिनं पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

तीस वर्षं तिनं इथंच गरम दाबयंत्रावर प्लास्टिकचे पत्रे काढले होते. पट्टी तिनं वाकवली, डोळ्यांसमोर आडवी धरली. तिचं तोंड लाल झालं.

"नुसतं तापलेलं प्लास्टिक वाळल्या पानासारखं मुरडतं, साहेब. ही तर आरशासारखी सपाट आहे. कुणीतरी दाबून पुसलीय ही."

जावयानं टेबलावर मूठ आपटली. चोराच्या उलट्या बोंबा, म्हणाला.

तेवढ्यात म्हातारीचा अंगठा पट्टीच्या कोपऱ्यावर अडला. तिथं नखाएवढी कोर वर आली होती. फार वर्षांपूर्वी तिच्याच हातून पाना पडून दाबयंत्राच्या पोलादी पाट्याला खाच पडली होती. तेव्हापासून दर पत्र्यावर ही कोर उठायची आणि तेवढा कोपरा कापून टाकावा लागायचा. काम सोडताना ते यंत्र तिनं एकाच माणसाला शिकवलं होतं. यंत्राची किल्लीही त्याच्याच खिशात असायची.

तिनं पट्टी टेबलावर ठेवली आणि वळली. आवाज एकदम खाली आला होता.

"जावईबापू, कोपरा कापायचा राहिला."