हाकेला ओ

केबल त्याच्या हातात लोंबकळत होती, आणि तरीही डबा ओ देत होता.

शंकासुराने डोळे चोळले. पुन्हा हाक मारली. सर्व्हरच्या पडद्यावर ओळ उमटली: उत्तर आलं. परत मारली, परत आलं. ज्या डब्याची केबल आपण स्वतः उपटली, पुराव्यादाखल हातात घेऊन इथवर आलो, तो डबा खुशाल 'आहे, आहे' म्हणतोय?

सर्व्हर काचेच्या खोलीत होता. बाहेरच्या दालनात तक्रारी घेणाऱ्यांची टेबलं. कुणाचा फ्रीज गळायला लागला की फोन इथे खणखणायचा. प्रत्येक टेबलावर एक पडदा आणि जेवणाच्या डब्याएवढा एक डबा. या डब्यांना स्वतःचं डोकं नव्हतं, सगळं डोकं सर्व्हरचं. प्रत्येक डब्याला एक पत्ता होता. त्या पत्त्यावर सर्व्हरने हाक मारायची आणि डब्याने ओ द्यायची, एवढाच त्यांचा संसार.

तो संसार सांभाळायला दोघं होती. प्रत्येक गोष्टीत शंका काढणारा म्हणून तो शंकासुर, आणि येता-जाता नियम शिकवणारी म्हणून ती मास्तरीण. नावं दालनाने ठेवली होती आणि दोघांनी ती निमूट घेतली होती. काचेवर मास्तरणीने ठळक अक्षरांत चिकटवून ठेवलं होतं: 'एका पत्त्यावर दोन डबे ठेवू नयेत. दोघांचंही वाटोळं होतं.'

आणि याच मास्तरणीला काल चहा पिता पिता त्याने विचारून टाकलं होतं. "आपण एकत्र राहायचं का? म्हणजे लग्न करून. म्हणजे रीतसर. म्हणजे तुझी हरकत नसेल तर." तिने कप खाली ठेवला होता आणि म्हणाली होती, "उद्या सांगते."

तो उद्या आज उजाडला होता. सकाळपासून ती कोपऱ्यातल्या टेबलावर मान खाली घालून बसली होती, चकार शब्द नाही. नाही म्हणाली तर? तर याच खोलीत, याच सर्व्हरसमोर, रोज शेजारी शेजारी बसायचं आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. त्यात सकाळपासून नेमका त्याचाच डबा रुसला होता. घटकेत चालू, घटकेत बंद. बाकी कुणाचीच तक्रार नव्हती. त्याने केबल बदलून पाहिली, केबल खोचायची खाच बदलून पाहिली, सर्व्हरला दोनदा उठवून बसवलं. छे!

दालन मात्र भलतंच खुशीत होतं. पोरी तोंडाला ओढणी लावून खिदळत होत्या.

"हसायला काय झालंय एवढं?" तो खेकसला.

"भूत शिरलं असेल रे तुझ्या डब्यात," मावशी म्हणाल्या. त्या सगळ्यांत जुन्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. "उत्तर येतंय ना? मग झालं तर!"

"अहो मावशी, येतंय, पण देतंय कोण?"

यावर एक पोरगी हसता हसता खुर्चीवरून घसरलीच.

देतंय कोण! तोंडातून निघालं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपला डबा मुका असेल, तर आपल्या नावाने दुसराच कुणीतरी ओ देतोय. प्रत्येक डब्याच्या बुडाला कारखान्यातून आलेला एक नंबर असतो, तो काही पत्त्यासारखा बदलता येत नाही. शंकासुराने सर्व्हरला विचारलं, ओ देणाऱ्याचा नंबर काय? सर्व्हरने मुकाट सांगितला. तो हाताच्या तळव्यावर लिहून घेऊन शंकासुर दालनात घुसला.

एकेक डबा उचलायचा, उलटा करायचा, तळहात बघायचा, पुढे जायचं. "ताई, तुमच्या फ्रीजचं एक मिनिट थांबा हं, इथे जरा गंमत चाललीय," कुणीतरी फोनवर सांगत होतं. मावशींनी तर चष्मा पुसून पुन्हा लावला. असं करत करत तो कोपऱ्यातल्या टेबलापाशी पोचला. तिथला डबा मास्तरणीने तळव्याने झाकून धरला होता.

"हात काढ."

तिने काढला. त्याने डबा उलटा केला. नंबर तोच होता.

"तू?" त्याचा आवाज चिरकला. "तू माझा पत्ता घातलास याला? अगं, काचेवर कुणी लिहिलंय? सकाळपासून जीव काढलास माझा! शिकाऊ पोरसुद्धा अशी चूक करत नाही. आत्ताच्या आत्ता बदल तो पत्ता!"

फोन वाजत होते, कुणी उचलत नव्हतं. मास्तरणीचे कान लालबुंद झाले होते, पण हसू काही तिला आवरत नव्हतं.

"डब्याचा बदलते," ती म्हणाली. "मी मात्र तुझ्याच पत्त्यावर राहणार."