जणू मध्ये कुणी नव्हतंच

साहेब, तुम्ही दोब्रिंकाबाईंच्या पोटावर पाय दिलात, आणि तोही त्यांच्याच यशाचा जोडा घालून.

सोफियातल्या आपल्या वाद्यवृंदात मी व्हिओला वाजवतो. बाईंनी आमचं रेकॉर्डिंग करण्यात उभा जन्म घालवला. काचेपलीकडून दम भरायच्या, "रुमेन, तोंडातली बानित्सा आधी गिळ, मायक्रोफोनला तिची चव नको!" बाहेरची ट्राम, खुर्चीची करकर, आमचे चुकलेले सूर, सगळं त्या काढून टाकायच्या. तेवढा तुकडा पुन्हा वाजवून घेऊन असा सांधायच्या की आम्हालाही जोड सापडत नसे.

यंदा आमच्या सिंफनीच्या रेकॉर्डिंगला पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, "सलग, एका दमात वाजवलेलं. जणू मध्ये रेकॉर्डिंग करणारं कुणी नव्हतंच."

ते तुम्ही आम्हा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "एवढं चोख वाजवता, तर रेकॉर्डिंगला इंजिनियर कशाला पोसायचा?" बाईंची जागा त्याच दिवशी रद्द झाली.

जाताना त्यांनी त्या सिंफनीचं न सांधलेलं, कच्चं रेकॉर्डिंग माझ्या हातात ठेवलं. बोला साहेब, परीक्षकांना ऐकवू?