कडी
धनराज भुताच्या गोष्टी लिहून ऑर्कुटवर टाकायचा. वर 'सत्य अनुभव' लिहिलं की वाचक तुटून पडायचे. हरसूलच्या घाटात लिफ्ट मागणाऱ्या मेलेल्या बाईची गोष्टही त्याने तशीच रचून टाकली, खाली स्वतः छापलेल्या पुस्तकाची जाहिरात, घरचा पत्ता. महिन्याभराने हरसूलहून एक म्हातारी दारात आली. "दादा, तुम्हाला दिसली ती माझीच पोर. द्राक्षाच्या कामाला गेली, परत आलीच नाय. बाजारात एकानं वाचून दाखवलं. कपाळावर गोंदण, हिरव्या बांगड्या, सगळं तेच." असं गोंदण तिकडे घरोघरी असतं. "जिती असंल म्हणून इतकी वर्सं रातची दाराला कडी लावली नाय. काल नदीवर तिचे दिवस घातले. आता लावते." खरं सांगायला धनराजने तोंड उघडलं, तेवढ्यात ती पाया पडली. त्याने तिला हाताला धरून उठवलं आणि रस्त्यापर्यंत सोडून आला. त्या रात्रीपासून धनराज कडी लावत नाही.