उलट बाजू

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत चिठ्ठी काढली, तेव्हा तिच्या वाट्याला 'युद्ध थांबवावं' ही बाजू आली. भाऊ सीमेवर लढत होता, म्हणून ती कचरली. "अगं, स्पर्धाच आहे, बिनधास्त बोल," सर म्हणाले. ती इतकं छान बोलली की पहिली आली. कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं तिचं भाषण गावभर फिरलं आणि घरावर दगड पडले. सरांनी पोलिसांना सांगितलं, "मुद्दे तिचेच होते." मग भावाचा फोन आला. "साहेबांनी तुझं भाषण सगळ्यांसमोर मला ऐकवलं, चिमणे. उद्यापासून मी सगळ्यात पुढच्या चौकीवर." सकाळी आईने तिची वेणी घातली, तिला भिंतीपाशी उभं केलं आणि मोबाइल समोर धरला. "आता उलट बाजूने, तेवढंच छान बोल." भावाचं नाव घेताना ती अडखळली. आईने थोबाडीत मारली, मग तिचे डोळे पुसले. "पुन्हा पहिल्यापासून."