बिनतेलाचा बांगडा

"बाबा, दोन घास तरी खा!" दीपिका पुन्हा म्हणाली.

केळीच्या पानावरचा बांगडा तसाच पडून होता. कोथिंबीर, पुदिना आणि लसूण वाटून लावलेला, वर लिंबू पिळून भाजलेला. तेलाचा थेंब नाही. त्यासाठी तिने गेल्या दिवाळीला पुण्याहून देवबागला ओव्हन आणून दिला होता.

बाबांच्या हृदयाचं दुखणं कळलं आणि तिने या बांगड्याचा ध्यासच घेतला. "ओमेगा थ्री हृदयाला चांगलं असतं, बाबा. प्रथिनं भरपूर, पचायला हलका. तळलात की पोटात नुसतं तेल." फोनवर रोज हेच. बाबाही म्हणायचे, "बरो लागता गो बाय. आता माका ह्योच आवाडता."

मग आजच काय झालं?

"ताई, आमटी थंड झाली," धाकटा विनीत पायरीवरून कुरकुरला. "तेंनी खाल्ल्याशिवाय आमका जेवूक मेळूचा नाय. पोटात कावळे कोकलतत."

"मग तूच सांग ना त्यांना! हट्ट तरी किती करावा माणसाने?"

"तू थंय उभी रवलंस तर ते जेवतले कशे?" आई दारातून म्हणाली. "मागे सर बघया."

सगळे मागे सरले. बांगड्यावर माशी येऊन बसली. दीपिका आईकडे वळली.

"आवडतो म्हणायचे की मला!"

आईने पदर सावरला. "तुका बरां वाटूचा म्हणान तसा सांगत. तू फोन ठेवलंस काय माका म्हणत, 'राधा, ह्यो पालो काढ माझ्या पानावरसून.'"

दीपिका तरातरा स्वयंपाकघरात गेली. उरलेल्या बांगड्याला तिखट-मीठ चोळलं, रव्यात घोळवला. तव्यावर तेल ओतताना बाटली हिसका देऊन उपडी केली. चर्र आवाज झाला आणि वास अंगणभर पसरला.

तांबूस कुरकुरीत तुकडे तिने पानावर नेऊन ठेवले. बिनतेलाचा बांगडा बाजूला केला.

"घ्या! होऊ दे तुमच्या मनासारखं. यापुढे तुमच्या खाण्यावर एक शब्द बोलणार नाही."

ती वळून दोन पावलं गेली असेल नसेल, तोच माडावरून कावळा उतरला आणि त्याने तळलेल्या तुकडीला चोच लावली.

आईने हात जोडले. "जेवले गो बाय तुझे बाबा."