अर्ध्या तासाची दुरुस्ती
इंजिनिअरसाहेबांनी आयुष्यभर गल्लीतल्या प्रत्येकाचा नळ, पंखा, पंप हाकेसरशी दुरुस्त केला होता. बायको गेल्यापासून मात्र काही बिघडल्याशिवाय त्यांच्या दाराशी कोणी फिरकत नसे. एका सकाळी परगावच्या लेकीचा फोन आला. "बाबा, वॉशिंग मशीनचे दिवे लागतात, पण ते फिरतच नाही." झाकण नीट बसलेलं नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. तरी त्यांनी तिला आधी प्लग बघायला लावलं, मग नळ, मग पाइप, मग गाळणी. मधेमधे नातीच्या शाळेची चौकशी झाली, जावयाच्या बदलीचीही झाली. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "आता झाकण दाबून बघ." मशीन घरघरलं. "बाबा, हे तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" त्यांना खोटं बोलवेना. "हो," ते म्हणाले. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "फ्रिजही कुरकुरतोय," लेक म्हणाली, "निवांत सांगा."