सहीचा मुहूर्त

"नीलू, सध्या अधिक महिना चालू आहे. सही नंतर करू," यशोधन फोनवर म्हणाला.

नीलांबरीला हसावं की रडावं तेच कळेना. घटस्फोटाच्या कागदांना अधिक महिना आडवा आल्याचं अमेरिकेतल्या या वेस्ट विंडसरमध्ये आजवर कुणी ऐकलं नसेल. आणि सांगतोय कोण, तर यशोधन! घरात आरती सुरू झाली की हा पार्किंगमध्ये सिगरेट ओढत उभा राहायचा.

लग्न ठरलं तेव्हा तिच्या बाबांनी भीतभीत सुचवलं होतं, "यंदा मुलीला गुरुबळ नाही. पुढच्या वर्षीचा मुहूर्त धरू या का?" त्यावर हा खो खो हसला होता. "काका, माझी रजा तुमच्या पंचांगात लिहिलेली नाही," असं म्हणाला आणि डिसेंबरातच बोहल्यावर चढला.

खरं तर गुरूचा काही संबंध नव्हता. नीलांबरी नागपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात होती. नऊ वर्षं झाली होती. दहा भरली की म्हातारपणी प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन, तुटपुंजी का होईना, पण स्वतःची. आता मुलीच्या पेन्शनसाठी थांबा, असं अमेरिकेतल्या जावयाला कोण सांगणार? म्हणून बिचाऱ्या गुरूला पुढे केलं. तो काही उपयोगी पडला नाही, आणि तिनं राजीनामा दिला.

इथे आल्यावर नवऱ्याच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड आलं तोवर चाळिशी गाठली होती. तिकडची नऊ वर्षं इथे चालत नव्हती आणि इथे दाखवायला काहीच नव्हतं. दोन्ही देशांच्या लेखी ती जन्मभर घरीच बसली होती.

लग्न मोडायला फार मोठं कारण लागलं नाही. मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. मूल झालं नाही, मग बोलणं आटलं, मग भांडणंही आटली. दोघांनी शहाण्यासारखं वेगळं व्हायचं ठरवलं. ती ज्ञानदा नावाच्या मैत्रिणीकडे खोली घेऊन राहू लागली. कागद तयार झाले. फक्त यशोधनची सही राहिली होती.

तिकडे नागपूरला शोभना, तिची ऑफिसातली जुनी मैत्रीण, तिच्यासाठी एका शाळेत अकाउंट्सची जागा धरून बसली होती. पण कागद हातात आल्याशिवाय नीलांबरीला जायचं नव्हतं. अर्धवट गेली असती तर भावानं आणि वहिनीनं समजूत घालून तिला परतीच्या विमानात बसवलं असतं.

अधिक महिना सरला. मग यशोधनच्या ऑफिसात डेडलाइन आली. मग पितृपक्ष लागला. "या दिवसांत सही नको, यार," तो म्हणाला. नंतर दिवाळी आली. "सणासुदीला कुठे?"

"जानेवारीत हजर नाही झालीस तर ते दुसरी बाई घेतील गं," शोभना फोनवर काकुळतीला आली.

नीलांबरीच्या रागाचा पारा चढत गेला. आयुष्यभर ज्यानं तिची वाट अडवली, तो सोडतानाही अडवतच होता. आणि मध्येच एखाद्या संध्याकाळी तिला भलतंच वाटायचं. याला सोडवत नसेल का? या विचाराची तिला रागापेक्षाही जास्त भीती वाटायची.

डिसेंबरात लग्नाला दहा वर्षं झाली. त्या दिवशी ती फोन जवळ घेऊन बसली आणि स्वतःवरच चिडली. फोन आला नाही. आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

"आज सही करून टाकू. अकराला वकिलांकडे ये."

"आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे," ती तिरकस बोलली. "चालतं का तुला?"

"चालतं."

वकिलांकडे त्यानं भराभर सह्या केल्या. बाहेर बर्फ पडायला लागला होता. गाडीपाशी आल्यावर तिचा बांध फुटला.

"एवढंच होतं तर इतके महिने का छळलंस मला? माझी नोकरी हातची जायची वेळ आली. आणि काल... काल मी दिवसभर तुझ्या फोनची वाट बघितली, यशोधन."

तो गाडीच्या काचेवरचा बर्फ हातानंच झाडू लागला.

"लग्न दहा वर्षं टिकलं तर इथे घटस्फोटानंतरही बायकोला नवऱ्याच्या नोकरीवर पेन्शन मिळते. दहाच्या आत मोडलं तर नाही. तुला मिळेल आता, बासष्टाव्या वर्षापासून. नागपुरातही मिळेल. मी सगळं चेक केलंय."



"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी कोर्टात गेली असतीस. पेन्शनसाठी तू माझी बायको म्हणून एक दिवस तरी राहिली असतीस का?"

राहिली नसती. हे तिलाही माहीत होतं.

"आणि अधिक महिना, पितृपक्ष? ही थेरं कुणी शिकवली तुला?"

"तुझ्या बाबांनी. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो होतो ना, तेव्हा सांगितलं त्यांनी, ते गुरुबळ कसलं होतं ते." त्याचे हात काचेवर थांबले. "तुम्ही एकच वर्ष मागितलं होतंत, नीलू. आणि मी हसलो होतो."